चुकलेल्या किकचा एक गुण

पहिल्या भेटीत त्यांनी माझ्या अंगावर चेंडू फेकला.

मी एजंटबरोबर फुनाबोरीतली खोली बघायला गेले होते. टोकियोतल्या नोकरीला थोडेच दिवस झाले होते, कंपनीचं वसतिगृह सोडायची वेळ आली होती, आणि 'घरमालक परदेशी भाडेकरू ठेवत नाहीत' हे प्रत्येक ठिकाणी एजंट इतक्या दिलगिरीने, इतकं खाली वाकून सांगायचा की शेवटी मलाच त्याचं वाईट वाटायला लागलं होतं. "हे घरमालक मात्र परदेशीच ठेवतात," जिना चढताना तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "थोडे वेगळे आहेत." जपानी माणूस कोणाला थोडं वेगळं म्हणतो तेव्हा ते किती वेगळं असतं, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, त्यावर बिनबाह्यांचा स्वेटर घातलेले एक ठेंगणे, ऐंशी ओलांडलेले गृहस्थ उभे होते. हातात तपकिरी रंगाचा, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू. नमस्कार नाही, काही नाही. मला एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं आणि चेंडू फेकला. मी फाइल डोक्यावर धरून खाली वाकले. चेंडू एजंटच्या छातीवर आपटला आणि वेड्यावाकड्या उड्या मारत जिन्यावरून खाली गेला.

गृहस्थांनी उजवा हात सरळ वर केला आणि इंग्रजीत म्हणाले, "सुटला! पण एक गुण."

खोली मला मिळाली.

आम्ही सगळे त्यांना ओओया-सान म्हणायचो. जपानीत घरमालकाला तसंच म्हणतात. त्यांची इंग्रजी ऐकून सुरुवातीला मी गोंधळले. उच्चार अस्सल, अडखळणं अजिबात नाही, पण शब्द सगळे शाळकरी मुलाचे. काही आवडलं की ते जे म्हणायचे त्याला मराठीत 'आयला' हाच सगळ्यात जवळचा शब्द आहे. मी राहायला आले त्याच आठवड्यात जिन्यात त्यांनी मला विचारलं, "माझ्या बाबांकडे मासेमारीची बोट होती. तुझ्या बाबांकडे काय आहे?"

"स्कूटर," मी म्हटलं.

"आयला! स्कूटर!"

त्यात थट्टा नव्हती. ते खरंच खूश झाले होते.

कारण मला हळूहळू कळलं. ओओया-सानांचा जन्म कॅनडाचा. दहा वर्षांचे असताना आईवडिलांबरोबर ते जपानला आले. युद्ध नुकतंच संपलेलं, आणि इथल्या शाळेत इंग्रजीचा एक शब्द तोंडातून निघाला तरी पोरं मारायची. म्हणून त्यांनी इंग्रजी बंद करून टाकली. नोकरीत नाही, लग्नानंतर नाही, मुलीसमोर नाही. निवृत्त झाल्यावर बायको गेली आणि त्यांनी या दुमजली इमारतीतल्या खोल्या परदेशी लोकांना द्यायला सुरुवात केली. तेव्हा ती इंग्रजी बाहेर निघाली, जशी ठेवली होती तशीच. तिचं वय वाढलंच नव्हतं.

जपानीत मात्र ते वेगळेच होते. आवाज खाली जायचा, मान ताठ व्हायची, वाक्यं तोडून टाकल्यासारखी यायची. वीजवाल्याशी, पालिकेच्या माणसाशी, आणि दर बुधवारी जवळच्या उरायासु गावाहून डबे घेऊन येणाऱ्या स्वतःच्या मुलीशीही ते तसंच बोलायचे. मुलगी पन्नाशी पार केलेली, नीटनेटकी, हळू बोलणारी. दारात डबे द्यायची, रिकामे घ्यायची. दोघांत हवा आणि औषधं यांपलीकडे बोलणं झालेलं मी ऐकलं नाही. ती वळली की ओओया-सान माझ्याकडे बघून इंग्रजीत म्हणायचे, "परत पालक! शी!"

मी इंग्रजी माध्यमात शिकले. तरी इंग्रजी बोलताना आजही मला तोंडी परीक्षेला बसल्यासारखं वाटतं, आणि ऑफिसात जपानी बोलताना नापास झाल्यासारखं. ओओया-सानांशी बोलताना यातलं काही व्हायचं नाही. दहा वर्षांच्या मुलासमोर कोण लाजतं? इंग्रजीत तू की तुम्ही हा प्रश्नही येत नाही. मनातल्या मनात मात्र मी त्यांना कायम तुम्हीच म्हणत होते.

आता खेळाबद्दल. कारण खेळाशिवाय ओओया-सान सांगता येणार नाहीत.

त्यांचा खेळ म्हणजे कॅनडातला फुटबॉल. अमेरिकन फुटबॉलचा भाऊ, पण ओओया-सानांसमोर असं म्हणायची सोय नव्हती. अमेरिकन लोकांचे अकरा खेळाडू, यांचे बारा. अमेरिकन लोकांना चेंडू दहा यार्ड पुढे न्यायला चार संधी लागतात, यांना तीन पुरतात. "चार कशाला? चार तर रडक्यांना लागतात," ते म्हणायचे. हा तीन संधींचा कायदा त्यांनी आमच्या कचऱ्यालाही लावला होता. जपानमध्ये कचरा वेगवेगळा करणं हे एक शास्त्र आहे. बाटली वेगळी, तिचं झाकण वेगळं, वरचं लेबल वेगळं. एकदा चुकलात तर ओओया-सान एक बोट दाखवायचे, दुसऱ्यांदा दोन. तिसऱ्यांदा चुकलात की चेंडू समोरच्याकडे जायचा, म्हणजे महिनाभर कचऱ्याची जागा तुम्ही झाडायची. तळमजल्यावरचे रेगे झाडू घेऊन उभे असलेले मी बऱ्याचदा पाहिले आहेत.

रेगे मुंबईच्या एका बँकेतून इथे पोस्टिंगवर आलेले. वहिनी आणि नऊ वर्षांची मिहिका बरोबर. वहिनी मिहिकाशी मराठीत बोलायच्या, मिहिका जपानीत उत्तर द्यायची, आणि भांडण झालं की दोघी इंग्रजीत यायच्या. "हा म्हातारा एक दिवस कोणाचा तरी पाय मोडणार," वहिनी मला म्हणायच्या, "आणि तो पाय माझ्याच नवऱ्याचा असणार, बघ तू." पण शिरा केला की पहिली वाटी वर ओओया-सानांकडे जायची.

या खेळातला एक नियम ओओया-सानांचा सगळ्यात लाडका. मैदानाच्या दोन्ही टोकांना, गोलच्या खांबांमागे, एक मोठा मोकळा पट्टा असतो. ते त्याला मागचं अंगण म्हणायचे. तुम्ही खांबांमधून चेंडू मारायला गेलात आणि नेम चुकला, पण चेंडू त्या मागच्या अंगणात जाऊन पडला, तर समोरच्या संघाने तो उचलून पळत मैदानात परत आणायचा. नाही आणला, तर चुकलेल्या किकलाही एक गुण.

"म्हणजे चुकल्याबद्दल गुण?" रेगेंनी विचारलं होतं. ते पक्के क्रिकेटवाले. त्यांना हे अन्यायाचं वाटलं.

"चुकल्याबद्दल नाही," ओओया-सान म्हणाले. "त्यांनी चेंडू तिथे पडू दिला, त्याबद्दल."

एरवी मात्र ते स्वतः हा गुण सढळ हाताने वाटायचे. ऑफिसात माझं सादरीकरण फसलं आणि मी डोळे लाल करून आले, तर जिन्यात हात वर : एक गुण. मिहिकाला स्पेलिंगमध्ये कमी मार्क पडले : एक गुण. वहिनींचं ढोकळ्याचं पीठ फुगलंच नाही : एक गुण, आणि ती चपटी वडी त्यांनी दोनदा मागून घेतली.

हा खेळ ते शिकले ती जागा फार वेगळी होती. चेंडूला तेल चोळत जिन्याच्या पायरीवर बसून ते त्याबद्दल सांगायचे, दर वेळी थोडं थोडं. मी खालच्या पायरीवर बसायचे. प्रश्न विचारायची मला सवय नाही, आणि बहुतेक म्हणूनच ते सांगत असावेत.

युद्ध सुरू झालं आणि किनाऱ्यावर राहणाऱ्या जपानी वंशाच्या सगळ्या लोकांना कॅनडाच्या सरकारने उचलून डोंगरातल्या छावण्यांत नेऊन ठेवलं. वडिलांची बोट जप्त झाली. छावणीत लाकडी झोपड्या, एका झोपडीत दोन कुटुंबं, थंडीत भिंतीच्या आतून बर्फ. ओओया-सान तेव्हा इतके लहान की बोट कुठे गेली एवढंच ते विचारत राहिले. त्यांचा मोठा भाऊ सतरा-अठराचा. किनाऱ्यावरच्या शाळेत तो संघाचा किक मारणारा होता, आणि त्याला पुढे मोठ्या क्लबात खेळायचं होतं.

पण युद्धात क्लब बंद पडले. खेळणारे सगळे सैन्यात गेलेले. मग सैन्यानेच संघ काढले, हवाई दलाचे, नौदलाचे, पायदळाचे, आणि देशाच्या सगळ्यात मोठ्या चषकासाठी हे वर्दीतले संघ खेळू लागले. शनिवारी सामना, आणि सोमवारी त्यातले काही जण बोटीवर चढून युरोपला. या आठवड्यात दिसलेला खेळाडू पुढच्या आठवड्यात असेलच असं नाही.

छावणीवरचा एक शिपाई भल्या मनाचा होता. तो वाचून झालेली वर्तमानपत्रं भावाला द्यायचा. भाऊ झोपड्यांमधल्या उतारावर उभा राहून सामन्याचं वर्णन मोठ्याने वाचायचा आणि मग पोरं तोच सामना परत खेळायची. चेंडू पिठाच्या पिशवीचा, आत लाकडाचा भुसा. प्रत्येक मुलगा एकेका खेळाडूचं नाव घ्यायचा.

"कोणता संघ?" मी न राहवून विचारलं.

"हवाई दल! सगळ्यांना हवाई दलच पाहिजे असायचं. नौदल कोणीच व्हायचं नाही, मग आम्ही भांडायचो." त्यांनी चेंडू फिरवला. "ज्यांनी आम्हाला कोंडलं होतं त्यांच्याच सैन्याकडून आम्ही खेळायचो. तेव्हा ते डोक्यात आलंच नाही. आम्हाला वाटायचं आम्ही त्यांच्यातलेच."

आणि मग त्यांनी पोरांनी पोरांसाठीच केलेला एक नियम सांगितला. पुढे कधी त्याच वर्तमानपत्रात एखाद्या खेळाडूचं नाव मेलेल्यांच्या किंवा बेपत्ता झालेल्यांच्या बातमीत यायचं. ज्या मुलाने ते नाव घेतलं असेल तो एक सामना खेळायचा नाही. बाजूला उभा राहायचा, टोपी काढून. पुढच्या वेळी नवीन नाव.

"तुम्हाला उभं राहावं लागलं?"

"दोनदा," ते म्हणाले. "थंडीत कान फार दुखायचे."

भाऊ सैन्यात भरती व्हायला गेला. देशासाठी वगैरे नाही, ओओया-सान स्पष्ट सांगायचे, फुटबॉलसाठी. वर्दी असेल तरच खेळता येणार होतं. त्याला परत पाठवलं. तुझ्या वंशाची माणसं घेत नाही म्हणाले. युद्धाच्या अगदी शेवटी जपानी समजणारी माणसं हवी झाली तेव्हा त्यालाच बोलावून दुभाषा म्हणून घेतलं. वर्दी मिळाली. पण तोवर युद्ध संपत आलं, सैन्याचे संघ मोडले, क्लब परत सुरू झाले, आणि भावाला एकही सामना खेळायला मिळाला नाही. सरकारने आईवडिलांना विचारलं, कॅनडाच्या पूर्वेकडे कुठेतरी जाऊन राहता की जपानला जाता? वडील बोट गेल्यापासून कोणाशी नीट बोलत नव्हते. ते जपान म्हणाले. भाऊ तिथेच राहिला.

"नंतर भेटलात?"

"एकदा. म्हातारपणी, विमानतळावर. तो इंग्रजीत बोलायला लागला, मोठ्या माणसासारखा. मी उत्तर दिलं तर तो हसला. मग आम्ही जपानीत बोललो. फार सभ्यपणे."

भावाची त्यांना आठवत असलेली गोष्ट एकच. उतारावरून भाऊ किक मारायचा, चेंडू मागच्या अंगणात म्हणजे लाकडांच्या ढिगामागे जायचा, आणि सगळ्यात लहान म्हणून तिथे ओओया-सानांना उभं केलेलं असायचं. त्यांनी दर वेळी चेंडू उचलून पळत बाहेर आणला. पडू दिला असता तर भावालाच गुण मिळाला असता, पण भाऊ वरून ओरडायचा, "आण! आण बाहेर! सोडू नकोस!"

दर वर्षी नोव्हेंबरमधल्या एका रविवारी ओओया-सान अराकावा नदीकाठच्या मैदानावर सामना भरवायचे. हवाई दल विरुद्ध नौदल. खेळाडू म्हणजे आम्ही भाडेकरू, जवळच्या निशी-कासाई भागातली काही भारतीय कुटुंबं, पोरं, आणि शेजारचे निवृत्त जपानी आजोबा. कोणी कोणाला पाडायचं नाही. प्रत्येकाच्या कमरेला टॉवेल खोचलेला, तो ओढला की तो माणूस थांबला. गोलचे खांब म्हणजे कपडे वाळत घालायचे दोन लांब बांबू, ते दोन आजोबा सरळ धरून उभे राहायचे.

माझ्या पहिल्या वर्षी ओओया-सानांनी मला सांगितलं, "तू बारावी खेळाडू."

मी रेगेंना विचारलं. रेगे म्हणाले, "बारावा म्हणजे राखीव गं. पाणी न्यायचं." मला बरंच वाटलं. मी दोन मोठ्या पिशव्या भरून पाण्याच्या बाटल्या आणि सोललेली संत्री घेऊन गेले आणि रेषेबाहेर उभी राहिले. दोन्ही संघ मैदानात गेले. सामना सुरूच होईना. सगळे माझ्याकडे बघतायत. मला वाटलं, यांना आत्ताच पाणी हवंय. मी धावत जाऊन सगळ्यांना बाटल्या वाटून परत आले. तरी सुरू होईना. थंडीत चोवीस हातांत चोवीस—नाही, तेवीस हातांत बाटल्या, आणि मधोमध ओओया-सान हात कमरेवर ठेवून उभे.

"बारावी कुठाय?" ते ओरडले.

"इथेच आहे," मी बाहेरून म्हटलं.

"मग आत ये ना! बारा नसतील तर खेळ नाही!"

रेगे नंतर किती दिवस माझी माफी मागत होते. मी मात्र घरी फोन करून आईला सांगितलं की मी संघात आहे. शाळेत मला कधीच कोणी संघात घेतलं नव्हतं.

माझं काम एकच होतं. शेवटी ओओया-सान किक मारायचे तेव्हा गवतावर गुडघा टेकून चेंडू एका बोटाने उभा धरायचा. त्यांची किक खांबांमधून कधीच जायची नाही. कडेने जायची आणि चेंडू मागच्या अंगणात पडायचा. मग एक ठरलेली गोष्ट व्हायची. नौदलाचं कोणीही हलायचं नाही. म्हाताऱ्या माणसाला एक गुण मिळू दे, हे सगळ्यांनी न बोलता ठरवलं होतं, जपानी आजोबांनी त्यांच्या रिवाजाने आणि आपल्या लोकांनी आपल्या. चेंडू तिथे पडून राहायचा. ओओया-सान हात वर करायचे, "एक गुण!" सगळे टाळ्या वाजवायचे आणि वहिनींचे बटाटेवडे निघायचे.

मी त्यांच्या सगळ्यात जवळ असायचे. हात वर असताना त्यांचा चेहरा दर वेळी पडलेला असायचा. चेंडू आणायला शेवटी तेच जायचे, एकटे.

माझ्या तिसऱ्या वर्षी, उन्हाळ्यात, ते जिन्यावरून घसरले. हाड मोडलं नाही, पण मुलीने ठरवून टाकलं. इमारत जुनी झाली आहे, वसंतात पाडायची, आणि बाबांनी उरायासुला तिच्याकडे राहायला यायचं. इमारतीचं त्यांनी लगेच मान्य केलं. मुलीकडे जायला मात्र साफ नकार दिला. वृद्धाश्रमात जाईन म्हणाले, तिच्या घरी नाही. मुलीने कारण विचारलं. सांगितलं नाही.

मला सांगितलं, जिन्यावर. "ती मला बाबा म्हणून ओळखते. दुसरं काही ओळखत नाही. ते बाबा मलाही फारसे आवडत नाहीत. चोवीस तास त्यांच्यासारखं राहायचं? नको बाबा."

नोव्हेंबरमधल्या एका बुधवारी मुलीने मला सायकलींच्या स्टँडपाशी गाठलं. दोनदा वाकून तिने माफी मागितली, मग म्हणाली, "तुम्ही त्यांच्याशी बोलता. मी ऐकलंय, ते हसतात. मला इंग्रजी येत नाही." तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "एक विचारू? इंग्रजीत माझे वडील कसे आहेत?"

माझी जपानी तेव्हा दुकानात आणि मीटिंगमध्ये पुरेल एवढीच. मी शब्द जुळवले. "दहा वर्षांचे आहेत."

"ऐंशीच्या पुढे आहेत," तिने हळूच दुरुस्त केलं. मी आकडा चुकले असं तिला वाटलं.

"नाही. दहा."

ती रिकाम्या डब्यांच्या पिशवीकडे बघत राहिली. त्यांनी मला जे सांगितलं होतं ते सांगावं की नाही, मला कळेना. ते त्यांचं होतं. मी कोणाचं काही कोणाला सांगत नाही, घरीही नाही. पण एवढं म्हटलं, "रविवारी नदीवर या. सामना आहे."

ती आली. काळे ऑफिसचे बूट, हातात पर्स, भेट म्हणून बिस्किटांचा डबा. ओओया-सानांनी तिला लांबून पाहिलं आणि त्यांची मान लगेच ताठ झाली. जपानी मान. नेमका त्या दिवशी नौदलात एक जण कमी होता. अकरा. ओओया-सान खेळ सुरू करेनात, आणि वारा असा की वहिनींच्या वड्यांवरची फडकी उडत होती.

"अगं, त्यांना उभं करा की मागे," वहिनी म्हणाल्या. "नाहीतर संध्याकाळपर्यंत असेच उभे राहू आपण. मिहिका, सांग त्यांना."

मिहिकाने जपानीत सांगितलं. मुलीने वडिलांकडे पाहिलं. त्यांनी तिच्या बुटांकडे बघितलं. मग चालत गेले, स्वतःच्या खांद्यावरचा जास्तीचा टॉवेल काढला आणि तिला दिला. तिने तो पट्ट्यात खोचला, पर्स तशीच हातात ठेवली आणि नौदलाच्या मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

सामना नेहमीसारखा झाला, म्हणजे कोणालाच काही जमलं नाही. शेवटी ओओया-सान किकसाठी आले. मी गुडघा टेकला, चेंडू धरला. ते चार पावलं मागे गेले, आले, मारली. कडेने गेली. चेंडू बांबूच्या बाजूने निघून वेड्यावाकड्या उड्या घेत थेट त्यांच्या मुलीच्या पायाशी जाऊन थांबला.

नौदल ठरल्याप्रमाणे पुतळे होऊन उभं. ओओया-सानांचा हात अर्धा वर गेला.

मुलीला हे काही माहीत नव्हतं. वडिलांची वस्तू पडली, एवढंच तिने पाहिलं. ती वाकली, चेंडू उचलला, रुमालाने त्यावरचा चिखल पुसला आणि दोन्ही हातांत धरून तो त्यांना परत द्यायला चालत निघाली.

"अहो नको, नको! राहू दे!" वहिनी मराठीतच ओरडल्या. रेगे हातवारे करायला लागले. एका आजोबांचा बांबू कलला. मुलगी गोंधळून थांबली, रेषेच्या आतच, आणि तिने वडिलांकडे पाहिलं. आपण काहीतरी चुकलो, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. ती चेंडू परत खाली ठेवणार होती.

ओओया-सानांचा हात अजून अर्धाच वर होता. तो खाली आला.

"आण!" ते ओरडले. इंग्रजीत. "आण बाहेर! सोडू नकोस! पळ, अगं पळ!"

मुलीला शब्द कळले नसणार. पण तो आवाज तिने आयुष्यात कधी ऐकला नव्हता, एवढं तिच्या तोंडावर दिसलं. ती पळाली. काळ्या बुटांत, पर्स कोपरात, चेंडू पोटाशी धरून. आणि मग मला आठवलं की मी हवाई दलात आहे, तिला थांबवणं माझं काम आहे. मी तिच्या दिशेने धावले. माझ्या शेजारून ओओया-सान धावत होते, स्वतःच्याच संघाच्या विरुद्ध ओरडत. "डावीकडे! डावीकडे ये! ती बारावी येतेय तुझ्या अंगावर!" माझी बोटं टॉवेलला लागली, आणि तेवढ्यात ती रेषेपार गेली.

ओओया-सान गवतावर बसले. आम्ही सगळे घाबरून धावलो. ते पडले नव्हते, नुसते बसले होते, धापा टाकत, दोन्ही हात वर करून. "शून्य!" ते म्हणाले. "एक गुणही नाही! आयला, काय आणला तिने! बघितलंत?"

मुलगी त्यांच्याजवळ आली. केस विस्कटलेले, एक बूट मागे चिखलात राहिलेला. तिने मला विचारलं, "काय म्हणत होते?"

मला सगळं येत होतं, प्रत्येक शब्दाची जपानी तयार होती. मी म्हटलं, "त्यांनाच विचारा."

तिने विचारलं. ओओया-सान जपानीत सांगायला लागले, आणि आवाज खाली गेला नाही. लाकडांच्या ढिगापासून सुरुवात केली. मी वहिनींना वडे वाटायला मदत करायला गेले. परत पाहिलं तेव्हा ती त्यांच्या शेजारी ओल्या गवतावर बसली होती आणि ते हवेत हात फिरवून तिला भाऊ किक कशी मारायचा ते दाखवत होते.

वसंतात इमारत पाडली. आता तिथे गाड्या लावतात. रेगे मुंबईला परत गेले, मी दुसरीकडे राहायला गेले. ओओया-सान उरायासुला मुलीकडे आहेत.

गेल्या महिन्यात मी त्यांना भेटायला गेले. तिसऱ्या मजल्यावर बेल वाजवली. दार मुलीने उघडलं. तिचा एक हात पाठीमागे होता. तिने आधी वाकून माझी माफी मागितली, नीट, जपानी रीतीने. मग चेंडू माझ्या अंगावर फेकला.

मी वाकले. चेंडू माझ्या डोक्यावरून जाऊन जिन्यावर पडला आणि उड्या मारत खाली निघाला. आतून ओओया-सानांचा इंग्रजी आवाज आला, "पकडला का तिने?"

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, पण ती घरातल्या चपला घालूनच माझ्या शेजारून निघाली होती, दोन-दोन पायऱ्या उतरत, चेंडू आणायला.